क्रियापद ठेवू कुठे? (खोडद ते ऑस्लो, व्हाया जुन्नर)



गेले दोन वीकांत इथे काहीच टंकलं नाही. हापिसात रिलीज होतं, त्यामुळे शनिवार-रविवार तिथेच गेले. असो. आजचा विषय जरा वेगळा आहे. म्हटलं तर व्याकरण, म्हटलं तर इतिहास, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरातलंच एक भांडण.

सध्या आमचा क्लायंट नॉर्वेचा आहे. कंपनीने फुकट नॉर्वेजियनचा क्लास लावलाय, आठवड्यातून दोनदा. शब्द पटकन लक्षात राहिले. इंग्रजीची चुलत भावंडंच आहेत सगळी. घोडं अडलं ते क्रियापदापाशी. आपल्याकडे वाक्य कसं घरंगळत घरंगळत शेवटी क्रियापदावर येऊन थांबतं: 'मी आज मासे खातो.' नॉर्वेजियनमध्ये क्रियापदाची खुर्ची राखीव आहे आणि ती आहे दुसरी. 'याई स्पीसेर फिस्क ई दाग' म्हणजे शब्दशः 'मी खातो मासे आज'. इथवर इंग्रजीसारखंच. पण 'आज' हा शब्द पुढे आणला की 'ई दाग स्पीसेर याई फिस्क' म्हणजे 'आज खातो मी मासे'. बिचाऱ्या 'मी'ला उठून तिसऱ्या खुर्चीवर जावं लागतं. क्रियापद जागचं हलत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर वाक्य हा एक ॲरे आहे आणि क्रियापद कायम इंडेक्स १ वर. इंडेक्स ० वर काहीही ठेवा. मात्र दुसरी जागा म्हणजे दुसरा शब्द नव्हे बरं का, दुसरा घटक. 'मागच्या रविवारी दुपारी' हे सगळं मिळून एकच घटक, आणि त्याच्या मागे लगेच क्रियापद. प्रश्न विचारायचा असेल तर इंडेक्स ० रिकामी: 'स्पीसेर दू फिस्क?' म्हणजे 'खातोस तू मासे?' हे सगळं जमतंय असं वाटत असताना पोटवाक्य येतं आणि नियम बदलतो. मुख्य वाक्यात 'इके' म्हणजे 'नाही' हा शब्द क्रियापदाच्या नंतर, पण 'कारण'ने सुरू होणाऱ्या पोटवाक्यात तोच क्रियापदाच्या आधी. 'मी खातो नाही मासे', पण 'कारण मी नाही खातो मासे'. डोक्याची मंडई!

गंमत म्हणजे ह्या नियमामुळे 'फिस्केन स्पीसेर मानेन' ह्या वाक्याचे दोन अर्थ होऊ शकतात. माशाने माणसाला खाल्लं, किंवा 'मासा' शब्दावर जोर देऊन, माणसाने मासा खाल्ला. कोणी कोणाला खाल्लं ते संदर्भावरून ठरवायचं. आपल्याकडे 'माणसाने मासा खाल्ला' ह्यातले शब्द कसेही फिरवा, 'ने' प्रत्यय माणसाला चिकटलेला असल्याने मासा सुरक्षित नाही हे पक्कं.

आता भांडण.

माझी ताई गेली आठ वर्षं ऑस्लोजवळ राहते. भाची सहा वर्षांची. आमची आजी खोडदला, वय चौऱ्याऐंशी. खोडद म्हणजे नारायणगावच्या पुढचं गाव, जिथे जीएमआरटी ही प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस डिश, त्यातल्या चौदा मध्यभागी जवळजवळ आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात लांबवर पसरलेल्या. आजीच्या अंगणातून एक डिश दिसते. दर रविवारी ताईचा व्हिडिओ कॉल येतो आणि पणतू-पणजीचा संवाद होतो. भाची म्हणते, "उद्या जाते मी पोहायला," "आता बनवते आई पास्ता." आजी मोबाईल कानाला लावून (व्हिडिओ कॉल असला तरी कानालाच!) ऐकते, आणि मग आम्हाला विचारते, "काय म्हणती गं ती? समदं उलटंच बोलती."

आजीला एका कानाने कमी ऐकू येतं. त्यात वाक्याची चाल ओळखीची नसली की तिचा धागा तुटतो. तीन-चार वाक्यांनंतर ती नुसती हसते. भाचीला ते कळतं, आणि ती उठून खेळायला जाते.

मागच्या महिन्यात ताई मला फोनवर म्हणाली, "मराठी बंद करावं म्हणते तिच्याशी. दोन्ही भाषांची खिचडी होतेय. धड ही नाही, धड ती नाही. निदान एक तरी नीट येऊ दे." मी नुसतं "हं" म्हणालो. काय बोलणार? पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. मराठी बंद झालं तर रविवारच्या त्या फोनवर उरणार काय? आजी हात हलवणार, भाची हात हलवणार, संपलं.

मग इंजिनियर माणूस जे करतो तेच मी केलं. लॉग तपासायला घेतले. क्रियापदाची जागा हलणं म्हणजे खरंच भाषा बिघडणं का? कधी हलली आहे का ती ह्याआधी? आणि शोधता शोधता जे सापडलं ते आमच्याच तालुक्यात होतं.

जुन्नरची लेणी तुम्ही पाहिली असतील. लेण्याद्रीला अष्टविनायकाच्या निमित्ताने तर जवळपास सगळेच जाऊन आलेले असतात. तुळजा, मानमोडी, शिवनेरी असे जुन्नरभोवती डोंगरा-डोंगरात लेण्यांचे गट आहेत. त्यांत ब्राह्मी लिपीतले, प्राकृत भाषेतले लेख कोरलेत. अमक्याने ही लेणी दान दिली, तमक्याने हे पाण्याचं टाकं दिलं, असे. नाणेघाटातून कोकणच्या बंदरांकडे माल उतरायचा आणि चढायचा, त्या वाटेवरचं हे श्रीमंत गाव. त्यामुळे देणगीदारांत परदेशीही होते. त्यांना लेखांत 'यवन' म्हटलंय. त्यातला एक लेख असा: 'यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो'.

परत एकदा सावकाश वाचा. 'यवनस इरिलस' म्हणजे इरिल नावाच्या यवनाचा. 'गतान' म्हणजे गतांपैकी. 'देयधम' म्हणजे देयधर्म, दान. आणि 'बे पोढियो' म्हणजे दोन पोढी, पाण्याची दोन टाकी. पोढी हा शब्द लेणी बघत फिरणारे लोक आजही वापरतात. आणि 'बे'? अहो, 'बे एके बे'मधला बे! सुमारे अठराशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेला शब्द आपण दुसरीत मान डोलवत घोकला होता. मला हे कळलं तेव्हा मी हापिसच्या कँटीनमध्ये एकटाच मोठ्याने हसलो होतो.

पण माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ह्या वाक्यात क्रियापदच नाही! 'इरिलचे दान दोन टाकी.' बास. 'आहे' नाही, 'दिले' नाही, काही नाही. आणि तरीही अर्थ शंभर टक्के पोचतो, कारण कोणाचं, काय आणि किती हे प्रत्ययांनी आणि शब्दांनी सांगून झालंय. म्हणजे आमच्या तालुक्यातल्या ह्या जुन्या वाक्याने क्रियापद कुठे ठेवायचं हा प्रश्न ते न ठेवूनच सोडवला होता.

आता हा 'गत' कोण? इथे प्रवेश होतो एका नॉर्वेजियन माणसाचा. स्टेन कोनो, १८६७ ते १९४८. संस्कृत आणि प्राकृतचा पंडित. राजशेखराचं 'कर्पूरमंजरी' हे प्राकृत नाटक ह्याने संपादित केलं आणि ते १९०१ साली हार्वर्डच्या ग्रंथमालेत निघालं. ग्रियर्सनने हिंदुस्थानातल्या भाषांची जी प्रचंड पाहणी केली, त्यात हा त्याचा मदतनीस होता. त्या पाहणीचा सातवा खंड मराठीचा, १९०५ साली छापलेला, आणि तो तयार करण्याचं काम ह्या नॉर्वेजियन माणसाने केलं. एकच गोष्ट पुण्याकडे कशी सांगतात, कोकणात कशी, वऱ्हाडात कशी, असे नमुने गोळा करून एकाशेजारी एक लावलेले. म्हणजे मी आज जो नॉर्वेजियन वाक्यांशी झगडतोय, त्याच्या बरोबर उलटा खटाटोप शंभरहून अधिक वर्षांपूर्वी एक नॉर्वेजियन करत होता. शेवटच्या क्रियापदाची वाट बघत! पुढे १९०६ ते १९०८ तो हिंदुस्थान सरकारचा पुराभिलेखतज्ज्ञ होता.

ह्याच कोनोने १९१२ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय, प्राचीन भारतातले गॉथ. त्याचं म्हणणं असं की जुन्नरच्या लेखांतले 'गत' म्हणजे गॉथ, जर्मानिक टोळ्यांपैकी एक. इरिल हे नावही त्याला त्याच कुळातलं वाटलं. रोमन साम्राज्यातून होणाऱ्या व्यापाराबरोबर ही मंडळी इथवर आली असावीत. विचार करा, नॉर्वेच्या माणसाला जुन्नरच्या डोंगरात आपल्या पूर्वजांचे चुलते भेटले!

हे खरं असतं तर माझा लेख इथेच झकास संपला असता. पण ते सगळ्यांना पटलेलं नाही. पुरावा म्हणजे दोन-चार नावं आणि एक 'गत' शब्द. तो एखाद्या ठिकाणाचा किंवा घराण्याचाही असू शकतो. आवाजाच्या साम्यावरून नातं जुळवणं किती धोक्याचं ते नावांच्या व्युत्पत्तीवर वाद घालणाऱ्या आपल्या मराठी माणसांना वेगळं सांगायला नको. तेव्हा गॉथ राहू द्या. कोनोचं एक मात्र मला आवडलं. शिक्षणाने आलेला कान जुन्नरच्या दगडातही घरचा आवाज ऐकतो. आजीला भाचीच्या मराठीत तो ऐकू येत नाही, त्याची ही बरोबर उलटी बाजू.

मग मी विचार केला, गॉथ जाऊ देत, पण त्या सुमाराला खुद्द नॉर्वेत क्रियापद कुठे होतं? उत्तर दगडावर आहे. नॉर्वेच्या आग्नेय भागात ट्यून नावाचं ठिकाण आहे. तिथल्या चर्चच्या आवारभिंतीत असलेल्या एका शिळेची नोंद १६२७ साली झाली. ती आता ऑस्लोच्या संग्रहालयात आहे. शिळेवर रून लिपीतला लेख आहे, साधारण इसवी सन ४००च्या आसपासचा. त्यातलं एक वाक्य शब्दाला शब्द लावून मराठीत असं होतं: 'मी विवाज वोदुरिदाजच्या मागे, पोशिंद्याच्या, घडवले...' मूळ शब्दाचा अर्थ 'भाकरी राखणारा' असा लावतात, म्हणून मी पोशिंदा म्हटलं. बघा, क्रियापद दुसऱ्या खुर्चीवर नाही! कर्ता येतो, कोणासाठी ते येतं, आणि मग कुठे क्रियापद.

डेन्मार्कमधलं उदाहरण तर अजून भारी आहे. गालेहूस इथे १७३४ साली सोन्याचं एक शिंग सापडलं. त्यावरचा लेखही साधारण त्याच काळातला: 'एक ह्लेवागस्तिज होल्तियाज होर्ना ताविदो'. म्हणजे 'मी ह्लेवागस्तिज होल्तियाज शिंग घडवले'. कर्ता, कर्म, क्रियापद. शुद्ध मराठी! आमच्या शाळेतल्या बाईंनी लाल शाईने बरोबरची खूण केली असती. (ते शिंग १८०२ साली कोपनहेगनमधून चोरीला गेलं आणि चोराने वितळवलं. चित्रं काढून ठेवली होती म्हणून वाक्य वाचलं. बॅकअपचं महत्त्व!)

ह्याच्या शेजारी आपलं श्रवणबेळगोळचं वाक्य ठेवा. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेलं, 'श्रीचावुंडराजें करवियलें'. ते दहाव्या शतकातलं की बाराव्या, हा वाद अभ्यासकांत आहे. पण ठेवण तीच. कोणी, आणि मग केलं. एकमेकांना कधीही न भेटलेले दोन समाज, एक शिंग घडवतोय आणि दुसरा मूर्ती करवतोय, आणि दोघांचंही क्रियापद शेवटी.

मग झालं काय? तेराव्या शतकात आइसलँडमध्ये गाथा लिहिल्या गेल्या तेव्हा त्या जुन्या नॉर्स भाषेत क्रियापद वाक्याच्या पुढच्या भागात येऊन बसलेलं दिसतं, पहिल्या नाहीतर दुसऱ्या जागेवर. सात-आठशे वर्षांत ते शेवटून पुढे आलं. कुठलाही हुकूम निघाला नव्हता, कुठली समिती बसली नव्हती. पोरांनी आपल्या आयांपेक्षा किंचित वेगळं वाक्य केलं, त्यांच्या पोरांनी त्याहून किंचित वेगळं. मधल्या काळात कितीतरी आज्या "समदं उलटंच बोलती" म्हणाल्या असतील, त्यांच्या भाषेत! जर्मन आणि डच भाषांतही दुसऱ्या खुर्चीचा नियम आहे. इंग्रजीत पूर्वी बराचसा होता, तो नंतर गेला. आणि हा नियम काही फक्त युरोपची मिरास नाही. आपल्या काश्मिरीतही क्रियापद दुसऱ्या जागी बसतं, आणि काश्मिरी ही मराठीची नातलग भाषा आहे.

बरं, मराठी तरी जागची हलली नाही का? 'तो म्हणाला की मी येतो' हे वाक्य घ्या. ह्यात 'म्हणाला' शेवटी नाही, मध्ये आहे, आणि सगळा मजकूर त्याच्या मागून येतो. हा 'की' बहुतेक अभ्यासक फारसीतून आलेला मानतात. शेवटी क्रियापद ठेवणारी ठेवण म्हणजे 'मी येतो म्हणून तो म्हणाला', आणि ती अजून गावाकडे ऐकू येते. आज 'की'चं वाक्य कोणाला परकं वाटतं? सांगलीजवळच्या कुपवाडचा एक अभ्यास भाषाशास्त्रात प्रसिद्ध आहे. गंपर्झ आणि विल्सन ह्यांनी तो १९७१ साली छापला. तिथे मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे लोक शतकानुशतकं शेजारी राहिले, आणि तिन्ही भाषांची वाक्यरचना एकमेकींसारखी होत गेली. शब्द ज्याचे त्याचे, साचा जवळजवळ एक. ताईच्या भाषेत सांगायचं तर खिचडी. पण तिथली मराठी मेली नाही, कारण ती लोक बोलत राहिले.

हा माझ्यासाठी खरा मुद्दा. क्रियापद हलल्याने भाषा जात नाही, नाहीतर नॉर्वेजियन केव्हाच गेली असती. आणि ज्या भाषेचं वाक्य अगदी शुद्ध आहे पण बोलायला घरात कोणी नाही, ती एका पिढीत जाते. भाचीचं 'उद्या जाते मी पोहायला' हे बिघडलेलं मराठी असेल, पण मराठी आहे. त्यातला 'जाते' बरोबर आहे, 'मी' बरोबर आहे, 'पोहायला'चा 'ला' बरोबर आहे. नॉर्वेजियनमध्ये असला प्रत्यय नाही, तो तिने आईच्याच तोंडून उचललाय. फक्त खुर्च्यांची अदलाबदल झालीये.

हे सगळं डोक्यात घेऊन मागच्या शनिवारी मी खोडदला गेलो. शिवाजीनगरहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून पुढे आत. फाटकातून शिरलो तर आजी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मान वर करून म्हणाली, "आलास का रे तू? जेवलास का काही? बस जरा हितं."

मी तिथेच थबकलो. आलास का रे तू. जेवलास का काही. बस जरा हितं. तिन्ही वाक्यांत क्रियापद पहिलं! चौऱ्याऐंशी वर्षं मराठीशिवाय दुसरी भाषा न बोललेली बाई, आणि क्रियापद शेवटी ठेवायचा नियम तिने तीनदा मोडला. म्हणजे मोडला वगैरे काही नाही. तो नियम आपण निबंधात पाळतो. ओट्यावर बसून बोलताना जे आधी सांगायचं ते आधी येतं, आणि आजीला आधी हेच सांगायचं होतं की मी आलोय.

रविवारी ताईचा फोन आला. मी मोबाईल आजीच्या कानापासून काढून समोर धरला, आवाज पूर्ण वाढवला, आणि भाचीला म्हटलं, "हळू बोल, आणि एका वेळी एकच गोष्ट सांग." ती म्हणाली, "पणजी, काल पडला माझा दात!" आजीने दोन क्षण विचार केला. मग म्हणाली, "पडला का गं? बघू, दाखव."

दोघींची क्रियापदं पुढे. भाचीने तोंड उघडून कॅमेऱ्यात एवढं जवळ आणलं की पडद्यावर फक्त खिंडार दिसत होतं. आजीने स्वतःचं बोळकं उघडून दाखवलं. मग बराच वेळ दोघी कोणाचे किती दात उरलेत ते मोजत होत्या. मला वाटतं भाची 'दोन'च्या ऐवजी 'तू' म्हणाली, कारण नॉर्वेजियनमध्ये दोनला तू म्हणतात. आजी म्हणाली, "तू न्हाई, दोन. बे एके बे, बे दुणे चार. म्हण माझ्यामागं."

रात्री ताईला सविस्तर मेल लिहिली. दगड, शिंग, कोनो, कुपवाड, सगळं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: 'एवढं वाचायला वेळ नाही रे, पण ती सकाळपासून बे एके बे म्हणतेय.'

मराठी बंद करायचा विषय तिने परत काढलेला नाही. मीही काढत नाहीये. माझी नॉर्वेजियनची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, आणि 'इके' अजून चुकतोच आहे.

चू.भू.द्या.घ्या. भेटू पुढच्या वीकांताला!